मंगलला कोण सांगणार?

बाई,

शनिवारी मी सोनईला जाऊन आले. वार तुम्हीच ठरवला होता. शाळेला घाबरणाऱ्या मंगलची शेवटची पायरी त्या दिवशी होती. वाचनाच्या तासाला, भरलेल्या वर्गात, दार लावलेलं असताना तास संपेपर्यंत बसायचं. नगरच्या स्टँडवरून एसटी सुटली तेव्हा मी खिडकीची जागा सोडून बसले होते. कंडक्टरनं विचारलं, "कुणी यायचंय का?" मी नाही म्हणाले, आणि तरी घोडेगावपर्यंत सरकले नाही.

आपल्या समुपदेशकांच्या बैठकीच्या छोट्या अंकात तुमच्यावर लिहायचं ठरलंय. तुमचं शिक्षण, नोकरी, कुठल्या साली काय केलं, ते सगळं अंक काढणाऱ्या पटारे मॅडम लिहिणार आहेत. मला म्हणाल्या, "वंदना, तू त्यांच्याबरोबर फिरायचीस, तू आठवणी लिही." मी हो म्हणाले. पण लिहायला बसले तर तुमच्याविषयी लिहिताच येईना. तुमच्याशीच बोलावंसं वाटतंय. एक भांडणही अर्धं राहिलंय आपलं. तेव्हा हे असंच लिहिते, छापायचं की नाही ते मॅडम ठरवतील.

मी तुमच्याकडे कॉलेजच्या फील्डवर्कसाठी पहिल्यांदा आले तो दिवस तुम्हाला आठवत असेल की नाही, माहीत नाही. तुमच्या केडगावच्या घराच्या पायरीवर चपला काढून मी उभीच राहिले होते. आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजात कुणी गेलेलं नाही, त्यामुळे शिकलेल्या माणसांच्या घरात खुर्चीवर कधी बसायचं हे मला कळायचं नाही. तुम्ही आतूनच ओरडलात, "उभं राहून शिकवत नाही मी. बस." मी बसले आणि म्हणाले, "बाई, मला यातलं काहीच येत नाही."

"बरं झालं," तुम्ही म्हणालात. "ज्यांना सगळं येतं त्यांना शिकवण्यातच माझा जन्म चाललाय."

ज्यांना सगळं येतं ते म्हणजे आपल्या संस्थेच्या शाळांमधले समुपदेशक, हे मला पुढच्या बैठकीत कळलं. बहुतेक सगळे मुळात शिक्षक. कुणी चित्रकलेचे, कुणी पीटीचे. थोडं प्रशिक्षण घेऊन आठवड्याचे काही तास मुलांशी बोलायचं काम त्यांच्याकडे आलेलं. माणसं चांगली, मुलांवर जीव लावणारी. पण मूल समोर बसलं की प्रत्येक जण आपापल्या स्वभावाप्रमाणे काहीतरी सांगायचा. तुमचं म्हणणं एवढंच होतं की घाबरणाऱ्या मुलांसाठी काही उपाय ठिकठिकाणी वापरून, मोजून, तपासून पाहिलेले आहेत, त्यातले पुष्कळ मुलांना लागू पडलेत, तर आपल्या मुलांना आपण अंदाजावर का सोडायचं? आणि ते उपाय शिकवायला तुम्ही व्याख्यान द्यायच्या नाहीत. टेबल बाजूला सरकवून सतरंजीवर बसायच्या, पाय पोटाशी घेऊन, मान खाली घालून, आणि मूल व्हायच्या. एकेका समुपदेशकानं पुढे येऊन तुमच्याशी बोलायचं. बाकीच्यांनी बघायचं.

सोनईच्या शाळेतल्या थोरात सरांची पाळी आली की सगळे सावरून बसायचे. सर चित्रकलेचे, वयानं सगळ्यांत मोठे, आवाज खणखणीत. एकदा ते तुमच्यासमोर मांडी घालून बसले आणि सुरू झाले, "हे बघ बाळ, घाबरायचं काय कारण हाय? मन खंबीर कर. मी हाय ना! आपल्या देशात केवढी केवढी माणसं..."

तुम्ही मान वर न करता हात वर केलात. "सर, तुमचं बोलणं किती झालं?"

"झालं असंल थोडं."

"आणि मुलाचं?"

"पोरगं बोलतच न्हाई त्याला मी काय करू?"

"तुम्ही थांबलात तर बोलेल. पुन्हा."

सर पुन्हा सुरू झाले, तुम्ही पुन्हा हात वर केलात. असं किती वेळा झालं देव जाणे. शेवटी सर वैतागून म्हणाले, "बाई, तुमी ल्हानपणी लई वाईट पोरगी आसणार."

"अजून आहे," तुम्ही म्हणालात. "पुन्हा."

मला हसू आवरेना आणि भीतीही वाटली, की आता हे एवढे मोठे गृहस्थ उठून जातील. ते गेले नाहीत. चहाच्या वेळी मात्र माझ्याजवळ येऊन म्हणाले, "तुमच्या बाई मिशनातल्या ना? मग ह्यांच्यात माफी आसती म्हणत्यात. मला तर दिसली न्हाई." मी हे तुम्हाला कधी सांगितलं नाही. आता सांगते. तुम्ही मोठ्यानं हसला असतात.

मंगल थोरात सरांच्याच शाळेतली, आठवीची. वर्गात धडा वाचताना तिला उलटी झाली. मुली बाजूला सरकल्या, कुणी नाक धरलं, कुणी चिडवायला नाव ठेवलं. दुसऱ्या दिवशी ती घरातून निघाली, पाटाच्या पुलापर्यंत आली आणि पोटात दुखतं म्हणून परत गेली. मग रोजच तसं. आई शेतावर जायची, तिला वाटायचं पोरगी शाळेत आहे. डॉक्टर झाले, अंगारे झाले. शेवटी प्रकरण सरांकडे आलं.

सरांनी तुमची पद्धत वापरायची ठरवली. खरंच मनापासून. तुम्ही दिलेल्या कागदावर लिहिलं होतं की मुलाला भीतीच्या जागेकडे एकेक पायरीनं न्या, आणि आधी विचारा, शंभरपैकी तुझी भीती किती? सरांनी विचारलं. मंगल म्हणाली, "पस्तीस." सरांना आनंद झाला. पस्तीस म्हणजे थोडीच की! मग छोट्या छोट्या पायऱ्या कशाला, म्हणून त्यांनी दुसऱ्याच दिवशी तिला धरून थेट वर्गाकडे नेलं. ती व्हरांड्यातून ओरडत पळाली आणि त्यानंतर कित्येक दिवस घराच्या बाहेर आली नाही.

त्या महिन्याच्या बैठकीत सर तावातावानं म्हणाले, "पुस्तकाप्रमाणं केलं. पुस्तक चुकलं." तुम्ही म्हणालात, पायऱ्या सोडून दिल्या म्हणजे पुस्तकाप्रमाणे झालंच नाही. मी कोपऱ्यात बसले होते. माझ्या तोंडून निघून गेलं, "सॉरी बाई, पण पुस्तकाला आपली मंगल कुठं माहीत आहे?" सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला जमिनीत जावंसं वाटलं. तुम्ही चष्मा काढून पुसलात आणि म्हणालात, "आपलं पटत नसेल तर सॉरी नाही म्हणायचं. मुद्दा सांगायचा. चल, तिलाच विचारू."

आपण दोघी सोनईला गेलो तो दिवस. मंगल घरात बोलायला तयार नव्हती, शाळेकडे यायलाही नाही, म्हणून आपण पाटाच्या पुलाच्या कठड्यावर बसलो. पाटाला पाणी सुटलेलं होतं. तुमच्या पिशवीत आप्पांनी राहात्याहून पाठवलेले पेरू होते. माझे वडील तिथल्या मार्केटमध्ये हमाल आहेत, आणि तुम्हाला कडक, अर्धवट कच्चे पेरू आवडतात हे कळल्यापासून ते निवडून तसलेच पाठवायचे. तुम्ही मंगलला एक दिलात, स्वतः एक खाऊ लागलात आणि बराच वेळ काहीच बोलला नाहीत. मला ती शांतता सहन होत नव्हती. मग सहज विचारल्यासारखं तुम्ही विचारलंत, "पस्तीसच का गं सांगितलंस सरांना?"

"पस्तीसला पास आसतंय," मंगल म्हणाली.

"मग जास्त का नाही सांगितलंस?"

"जास्ती सांगितलं तर सरांना खोटं वाटंल. मला कवा जास्ती पडत्यात?"

तुम्ही पेरू खायच्या थांबलात. तुमचा चेहरा मी तेव्हा पाहिला. एवढी वर्षं तुम्ही मुलांना तो आकडा विचारत होतात, आणि इथलं मूल आकडा म्हटलं की मार्कच समजणार, हे तुमच्या ध्यानात आलं नव्हतं.

"आणि खरं सांगायचं तर?" तुम्ही हळू विचारलंत. "आत्ता शाळेचं नाव काढलं तर कसं होतं?"

मंगलनं पाटाकडे पाहिलं आणि हात गळ्याला लावला. "हितवर आल्यागत हुतं. पाण्यात हुबं केल्यागत."

"आणि इथं पुलावर?"

तिनं हात कमरेला लावला.

पुढच्या बैठकीत तुम्ही ही गोष्ट सांगितलीत ती सरांची चूक म्हणून नाही, स्वतःची म्हणून. सरांनी त्या दिवशी पहिल्यांदा तुमच्यासाठी चहा आणला. मला वाटलं, आता शंभराचा आकडा गेला आणि पाणी आलं. पण तुम्ही म्हणालात, प्रत्येकानं आपापल्या शाळेत वापरून बघा, मुलं खरंच नीट सांगतात का ते तपासा, मग ठरवू. सर म्हणाले, "एवढं चांगलं सापडलंय, आता ह्याची परीक्षा कशाला?" तुम्ही म्हणालात, "आपल्याला आवडलं म्हणजे चालतं असं नाही, सर. उपदेश करायलाही आपल्याला आवडतंच." पाथर्डीकडच्या शाळेतल्या मॅडम म्हणाल्या, "बाई, आमच्याकडं पाट कुठला? गळ्याएवढं पाणी आमच्या पोरांनी टँकरमध्येसुद्धा पाहिलेलं नाही." तेव्हा केवढे हसलो आपण. आणि हसणं थांबल्यावर तुम्ही म्हणालात, "मग तुमच्या मुलांना विचारा, ते कशानं मोजतात." मला तुमचा राग आला होता. जे डोळ्यांसमोर दिसतंय त्यालाही तुम्हाला पुरावा कशाला हवा, असं वाटलं होतं. आता तो राग आठवला की बरं वाटतं. कुणाचा तरी असा राग यावा इतकं जवळ मला त्याआधी कुणी शिकलेलं माणूस नव्हतं.

मंगलच्या पायऱ्या पुन्हा सुरू झाल्या. सुट्टीच्या दिवशी शाळेचं फाटक. मग व्हरांडा. मग रिकामा वर्ग. प्रत्येक ठिकाणी पाणी वर चढायचं, तिनं पळायचं नाही, उतरेपर्यंत थांबायचं. सर बरोबर असायचे आणि त्यांना गप्प राहावं लागायचं. त्यांचे ओठ हलायचे, "मी हाय ना" म्हणायला. एकदा तुम्ही त्यांना विचारलंत, "सर, तुम्ही नसाल तेव्हा तिनं काय करायचं?" सर म्हणाले, "मी कुठं चाललोय?"

आणि मग ते झालं, ज्यावरून आपलं बिनसलं. शेवटची पायरी जवळ आली तसे सर अस्वस्थ झाले. म्हणाले, "बाई, तिला आपण सांगू, आज नुसतं झेंडावंदनाची तयारी हाय, वर्ग न्हाई. आली की अलगद आत बसवू. एकदा बसली की बसली." तुम्ही कडक आवाजात नाही म्हणालात. "पुढची पायरी कुठली हे मुलाला आधी माहीत असलंच पाहिजे. फसवून आत नेलेलं मूल पुढच्या वेळी भीतीला घाबरत नाही, आपल्याला घाबरतं."

परतीच्या बसमध्ये मी सरांची बाजू घेतली. बोलायचं नव्हतं, पण बोलले. दहावीच्या परीक्षेत माझी आजी वारली, हे मी तुम्हाला तेव्हा पहिल्यांदा सांगितलं. ती काकाकडे गावी होती. घरच्यांनी मला कळू दिलं नाही. उलट आई रोज सकाळी म्हणायची, "आजीनं निरोप धाडलाय, नीट लिही म्हणून." पेपर संपले त्या संध्याकाळी सांगितलं. मी म्हणाले, बाई, तेव्हा खरं सांगितलं असतं तर मी नापास झाले असते. आज तुमच्या शेजारी बसले नसते. आमच्यासारख्यांच्या घरात एक पेपर बुडाला की सगळंच बुडतं. घरचे खोटं बोलले म्हणून मी शिकले.

तुम्ही ऐकून घेतलंत. मग विचारलंत, "त्यानंतर आईनं कुणाचाही निरोप सांगितला, तर तुला खरा वाटायचा?"

मला इतका राग आला की मी खिडकीबाहेर बघत बसले. तुम्हाला काय माहीत, असं मनात म्हणत होते. नगर आलं. स्टँडवर तुम्ही भाजलेल्या शेंगा घेतल्यात, अर्ध्या माझ्या ओंजळीत ओतल्यात, आणि म्हणालात, "पुढच्या वेळी भांडू." पुढची वेळ आली नाही. मंगळवारी तुमच्या छातीत दुखलं.

दफनभूमीत आपले सगळे समुपदेशक आले होते. थोरात सरांना कळेना हात जोडायचे की काय करायचं. पुढच्या माणसानं मूठभर माती टाकली तशी त्यांनी टाकली आणि मग हात झटकलेच नाहीत, हाताला लागलेली माती तशीच ठेवून फाटकापर्यंत आले. तिथं त्यांनी मला गाठलं.

"मंगलला कोण सांगणार?"

मी त्यांना गर्दीतून बाजूला घेतलं.

"शनवारी ती पुलावर वाट बघंल," सर म्हणाले. "बाई यायच्यात म्हणून ती तयार झालीय. आता हे कळलं तर सगळं वाया. पोरगी परत घरात बसंल, मग आपल्या हाती लागत न्हाई. आपण म्हणू, पुण्याला गेल्यात. तास होऊ दे. मग सांगू."

मी लगेच हो म्हणाले, बाई. क्षणभरही विचार केला नाही. तुमच्या कबरीवरची माती ओली होती आणि मी हो म्हणाले. मला खरंच वाटत होतं की यात मंगलचं भलं आहे. अजूनही पूर्ण वाटेनासं झालंय असं नाही.

मधले दोन दिवस मी राहात्याला घरी गेले. आप्पांना सांगितलं. "पेरूवाल्या बाई?" ते म्हणाले आणि खाली बसले. त्यांनी तुम्हाला एकदाही पाहिलं नव्हतं. मग मी विचारलं, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, "आप्पा, आजी गेली तेव्हा तुम्ही घरात माझ्यासमोर कसे राहिलात?"

"तुझा इंग्रजीचा पेपर हुता," ते म्हणाले. त्यांना तारीख आठवत नव्हती, पेपर आठवत होता. "माती देऊन रात्रीच आलो. सकाळी तुला सेंटरवर सोडलं. तू पुस्तकातलं कायतरी बडबडत हुतीस."

"आणि मग?"

"मग मार्केटात गेलो. पेरूच्या पाट्यांच्या थप्पीमागं बसून रडलो. रोजच. हमाल मंडळी म्हणायची, रडून घे हितंच, घरी पोरीचा पेपर हाय. तुझे पेपर संपस्तोवर मी आईसाठी घरात रडलोच न्हाई. मग तुला सांगितलं, तू रडायला लागलीस, तर तुलाच धरावं लागलं." मग म्हणाले, "चुकलं आसंल. पर तू आपल्यातली पहिली हुतीस मॅट्रिकला बसलेली."

मी त्यांना म्हणाले, चुकलं नाही. ते खरं आहे. पण तुमच्या प्रश्नाचं उत्तरही तेव्हाच माझ्या तोंडाशी आलं होतं. नाही, बाई. त्यानंतर कुणाचाही निरोप मला खरा वाटत नाही. मंगळवारी तुमची बातमी घेऊन पटारे मॅडमचा भाऊ हॉस्टेलवर आला, तेव्हा मी त्याला म्हणाले, "खरं सांगा, कधी गेल्या? आज की आधीच?"

हे दोन्ही मनात घेऊन मी शनिवारी सोनईला उतरले, आणि तरीही पुण्याचंच सांगायचं ठरलेलं होतं.

मंगल पुलावर होती. गणवेशाला इस्त्री होती, रिबिनी नव्या होत्या. तिनं आम्हाला येताना पाहिलं आणि आमच्या मागे बघायला लागली. रस्ता रिकामा होता.

"बाई मागनं येत्यात का?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं. "बाई ना, बाई जरा..." मी म्हणाले, आणि पुढचा शब्द येईना. तेवढ्यात सर खाली बसले. पुलाच्या धुळीत, स्वच्छ पँट घालून, थेट तिच्यापुढे.

"मंगल," ते म्हणाले, "बाई वारल्या."

एवढंच. आणि ते थांबले. बाई, तुम्ही त्यांना एवढे महिने जे शिकवत होतात, ते मी त्या वेळी पाहिलं. त्यांचे ओठ हलले नाहीत. रडू नको म्हणाले नाहीत, देवाघरी गेल्या म्हणाले नाहीत, मी हाय ना म्हणाले नाहीत. तिच्यासमोर बसून राहिले. एक सायकलवाला घंटी वाजवत आला, बाजूनं गेला. शाळेची घंटा झाली.

"कवा?" तिनं विचारलं.

"मंगळवारी."

"कशानं?"

"छातीत दुखलं. दवाखान्यात न्यायच्या आत गेल्या."

"मग मला इतके दिवस का न्हाई सांगितलं?"

"घाबरलो हुतो," सर म्हणाले.

मंगलनं त्यांच्याकडे निरखून पाहिलं. "कुठवर?"

सरांनी हात वर नेला. गळ्यापाशी थांबला नाही, तसाच वर गेला आणि त्यांनी तळहातानं डोळे झाकले. तेव्हा मंगल रडायला लागली, आणि मीही. आम्ही तिघं भर रस्त्यात असे बसलेलो. एक म्हातारी बाई डोक्यावर भारा घेऊन चालली होती, ती थांबून म्हणाली, "काय झालं गं पोरींनो, कोन गेलं?" मंगलनं सांगितलं, "आमच्या बाई."

तास बुडाला. मंगल त्या दिवशी वर्गात गेली नाही. "आज न्हाई," ती म्हणाली, आणि दप्तर घेऊन घरच्या वाटेला लागली. सरांनी तिला थांबवलं नाही. ती लांब गेल्यावर ते मला म्हणाले, "चुकलं का माझं? एवढं करून आणलेलं." मला माहीत नव्हतं. मी तसंच सांगितलं, की मला माहीत नाही सर, पण मला ते सांगता आलं नसतं. ते म्हणाले, "बाईंनी विचारलं आसतं तर?" मी म्हणाले, "त्यांनी हात वर केला नसता." एवढं मात्र मला खात्रीनं ठाऊक होतं.

आम्ही स्टँडकडे निघालो होतो, तर मागून धावण्याचा आवाज आला. मंगल. चेहरा रडून सुजलेला, धाप लागलेली.

"सर, सोमवारी वाचनाचा तास कितवा?"

"दुसरा."

"मग मी पहिल्यालाच येऊन बसते. मंजी दुसरा आपोआप येतो."

"दार लावलेलं आसंल बरं का," सर म्हणाले. "पाणी चढंल. मराठीच्या मॅडम तुला वाचायला बी सांगतील कदाचित. आधीच सांगून ठेवतो."

"म्हाईत हाय." तिनं नाक पुसलं. "पर तुमी व्हरांड्यात दिसायचं न्हाई. तुमी दिसला की मला बाहेर यावंसं वाटतंय."

"मग मी कुठं जाऊ?"

"तुमच्या वर्गावर जा की! चित्रं शिकवा."

सर हसले. आठवड्यात पहिल्यांदाच हसले असतील. ती गेल्यावर म्हणाले, "बैठक बंद करायची न्हाई हां, वंदनाबाई. मूल कुणी व्हायचं ते बघू. मी होतो पाहिजे तर." मला वंदनाबाई म्हणणारे ते पहिलेच.

आज रविवार आहे. उद्या दुसऱ्या तासाला मंगल बसेल, किंवा उठून पळेल. मी नगरला कॉलेजात असेन. सर सातवीच्या मुलांना कुठलंतरी चित्र शिकवत असतील आणि त्यांचं लक्ष नसेल. तिच्याजवळ आपल्यातलं कुणीच नसेल. तुम्ही सगळ्यांना शिकवत होतात ते याच्यासाठीच, आपण नसताना मुलाला जमावं म्हणून, हे मला आता पटलंय. त्यावर माझं काहीच भांडण उरलेलं नाही.

मंगलला तुमचं शिकवून झालं होतं, बाई. माझं शिकणं अर्धंच झालंय. मला अजून तुम्ही व्हरांड्यात दिसायला हव्या होतात.

तुमची,
वंदना